'टंग'चं पान

थुंकी लावून पान उलटणाऱ्या माणसाच्या हातचा चहासुद्धा कोशकार बाई घेत नसत. म्हणूनच वाचनालयात त्या दुपारी त्यांचं डोकं फिरलं.

जीभ या अर्थाचा इंग्रजी 'टंग' हा शब्द जुन्या कोशांनी कसा समजावलाय, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पहिल्या कोशात अर्थ होता 'भाषा'. त्याहून जुन्या कोशात 'बोलण्याचा अवयव'. दोन्हीकडे बाकीची पानं कोरडी खडखडीत, आणि या एकाच पानाचा कोपरा ओला, चिकट. वास शिळ्या तोंडाचा. 

"काका, ही घाण तुमची का?" त्यांनी ग्रंथपालांना विचारलं.

"माझी कशाला असेल?" ग्रंथपाल दुखावले. त्यांनी सगळ्यांत जुना कोश पुढे सरकवला. "हा घ्या. याला तर कुणाचाच हात लागलेला नाही. छापल्यापासून पानं कडेला जोडलेलीच आहेत. तुम्हीच सोडवा."

बाई कागद कापायच्या सुरीने पानं सोडवत गेल्या. प्रत्येक पान कोरडं, करकरीत निघत होतं. त्यांना जरा बरं वाटलं. मग 'टंग'चं पान सुटलं. तिथे अर्थ दिला होता, 'ज्याने चाटतात ते'.

कोपऱ्यावर लाळेचा एक बुडबुडा होता. त्यांच्या डोळ्यांदेखत तो फुटला.

शिसारी येऊन बाईंनी पान उलटायला घाईने बोट टेकवलं. कागद कोमट लागला, आणि बोट उचलायच्या आत तो पेरापासून नखापर्यंत सावकाश फिरला.