मुलांच्या बरोबरीने

"आजपासून फ्रान्समधल्या एकाही शिक्षकाला साहेबाची धास्ती वाटणार नाही!" अशी घोषणा करत निरीक्षक मोर्वां सोलेनबाईंच्या बालवर्गात शिरले आणि मूल्यमापनाच्या नव्या नियमानुसार मुलांमध्ये, मुलांच्याच चिमुकल्या खुर्चीत बसले.

आधीचे साहेब दहा मिनिटांत शेरा मारून चालते व्हायचे. हे मात्र गाणी झाली, चित्रं झाली, तरी जागचे हलेनात. जेवणाची घंटा झाली, मुलं सूप-पावाकडे पळाली; साहेब तसेच, चेहरा लालबुंद. सोलेनबाई भीतभीत त्यांच्याजवळ गेल्या.

"साहेब, एवढं काय हो चुकलं माझं?"

"छे छे, बाई, झकास शिकवता तुम्ही." साहेबांनी दाराकडे पाहत आवाज खाली आणला. "फक्त दार लावून घ्या, आणि मी उठतो, तुम्ही खुर्ची मागून ओढा."