देणारा देश

टोरांटोच्या मेरेडिथबाईंनी एकतीस देशांत मुलींच्या शाळा काढल्या. बत्तिसावा देश केनिया. त्यासाठी मदत न्यायला मार्चमध्ये छोट्या विमानाने त्या कॅनडाच्याच उत्तरेतल्या आमच्या रिझर्व्हवर, म्हणजे आदिवासींच्या राखीव वस्तीवर, आल्या, कारण इथल्या आठवीच्या पाच मुलींनी महिनाभर बॅनकच्या जाड रोट्या तळून विकल्या होत्या. हायस्कूलसाठी तिकडच्या मुलींना घर सोडावं लागतं, हे ऐकून आमची रेलीन रडली होती.

तिची आई डोलोरस मेरेडिथबाईंना चहा देता देता म्हणाली, "हायस्कूल आमच्याकडेही नाही हो. ही ऑगस्टमध्ये विमानाने शहरात जाणार, सहाशे किलोमीटरवर, अनोळखी माणसांत राहायला. चौदा वर्षांची आहे. एक इथंच काढा की!"

बाई हळहळल्या. "काय करू, कॅनडा आमच्या यादीत मदत देणारा देश आहे. घेणाऱ्यांत घालता येत नाही."

"ऐकलंस का गं, ताई?" डोलोरसचा भाऊ हसला. "आपण देणारे! उगाच इतकी वर्षं स्वतःला गरीब समजत होतो."

बाई शब्दाला पक्क्या निघाल्या. केनियातली शाळा जानेवारीत उघडलीसुद्धा. फेब्रुवारीत तिथल्या एका मुलीचं रेलीनच्या नावाने पत्र आलं: 'ताई, तुझ्यामुळे मी आता आईजवळ राहून शिकते.'

 

डोलोरसने ते दोनदा वाचलं, आणि पाकिटावरचा आमच्या गावचा पत्ता खोडून शहरातला लिहिला.