आत्या येईपर्यंत

"पाजलं वं माय, पाजलं," प्रमिलाबाईंनी दुसऱ्यांदा थाप मारली. पण नर्स स्वप्ना या वेळी फसली नाही. तिनं सरळ दुपट्यात हात घातला. तीन तासांचं बाळ, जेमतेम दोन किलोचं. पाय गार, अंग ढिलं. टाचेला सुई टोचली तरी नुसतं कुरकुरलं आणि पुन्हा झोपलं.

"कधीपासून असा झोपलाय, मासी?"

"शांत आहे आमचं बाळ," प्रमिलाबाई कौतुकानं म्हणाल्या.

स्वप्नानं हातातलं यंत्र त्यांच्यापुढे धरलं. "शांत नाही, साखर उतरलीय त्याची. पोटात काहीच गेलेलं नाही. खरं सांगा."

खाटेवर त्यांच्या सुनेला, हर्षदाला, रडू फुटलं. "आईंनी नाही म्हटलं. सोनालीताई यायच्यात."

घरची रीतच तशी होती. आत्या येणार, हळदीच्या पाण्यानं बाळंतिणीची छाती धुणार, पहिला चीक कापडावर पिळून टाकणार आणि मग बाळाला अंगावर लावणार. तोवर थेंब नाही. बाळाची आत्या सोनाली सकाळीच दोंडाईच्याहून गाडीत बसली होती. बाळाचा बाप लखन तिला आणायला उधना स्टेशनावर जाऊन उभा होता. गुजरातेत, डिंडोलीत प्रमिलाबाईंची तीस वर्षं गेली. साड्यांचे धागे कापून बोटं झिजली, गुजरातीही फाडफाड यायला लागली, पण रीत म्हणाल तर एका इंचानंही हलली नव्हती!

डॉक्टर येऊन बघून गेले. स्वप्नानं बाळाच्या गालात आतून साखरेचं जेल चोळलं. "अर्ध्या तासात साखर चढली नाही, तर सलाईन लावून काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. नुसत्या जेलवर भागायचं नाही, आईचं दूध हवंच."

"मधाचं बोट चाटवू का?" प्रमिलाबाईंनी घाईघाईनं विचारलं.

"मध बिलकुल नको. तुम्ही जो फेकणार होता ना, तो चीक द्या."

बाळात ओढायची ताकद नव्हती. हर्षदा चमच्यात चीक काढू लागली, पण घाबरून नुसते चिमटे घेत होती. थेंबही येईना. प्रमिलाबाई दोन पावलं मागं सरकून उभ्या होत्या. मग त्यांना राहवलं नाही. त्यांनी हात धुतले. दहाव्या वर्षापासून बापाच्या गोठ्यात म्हशी पिळलेले हात ते.

"असं नही वं माय. ओढू नको. बोटं आधी मागं दाब, मग जवळ आण. हां, सावकाश."

चमच्यात हळदीसारखा पिवळा चीक जमला. थेंब थेंब करत बाळाच्या ओठांत गेला. तिसऱ्या चमच्याला त्यानं जीभ हलवली. मग स्वप्नानं त्याला हर्षदाच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून चादर घातली. अर्ध्या तासानं पुन्हा सुई टोचली, तर गड्यानं अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. साखर चढली होती. आणि रडता रडता तोंड हलवत तो दूध शोधायला लागला.

हर्षदा हसली. स्वप्नाही हसली. प्रमिलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"पोरी," त्यांनी स्वप्नाला हळूच विचारलं, "पाय गार पडणं, रडणं नाही, नुसतं झोपून राहणं... हे उपाशी ठेवल्यानं होतं?"

"होतं ना, मासी. बारक्या बाळांना तर फारच लवकर. का हो?"

"काही नाही."

तेवढ्यात फोन वाजला. सोनाली होती. "आई, गाडी नवापूर सोडी राहिनी. पाजं नही ना अजून?"

"पाजं," प्रमिलाबाई म्हणाल्या. या वेळी ते खरं होतं. त्यांनी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खालीच बसल्या.

लखनच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. माहेरी, बापाच्या घरी. त्याची आत्या यायला दोन दिवस लागले. तोही असाच शांत होता, बारका होता. दुसऱ्या पहाटे गेला. सटवाई यायच्या आधीच गेला, त्याचं तेवढंच होतं, असं सगळे म्हणाले. त्यांनीही तेच मानलं, इतकी वर्षं मानलं. आत्ता कळलं. आत्ता कळून काय उपयोग!

तो जन्मला त्याच दिवशी गोठ्यात म्हैस व्याली होती. त्यांच्या बापानं, हिलालबापूनं, रेडकू नीट उभं राहायच्या आत त्याला आचळाला लावलं होतं. "चीक पोटात गेल्याशिवाय जनावर जगत नाही," तो म्हणायचा.

ते रेडकू जगलं. त्याला आत्या नव्हती.