शोभेल अशी मुलगी हवी

“अजून एकदा वळ बघू,” मॅनेजर म्हणाला.

मुलगी वळली. दुकानभर आरसे होते, त्यामुळे वळलेली मुलगी सगळीकडून दिसायची, आणि मॅनेजरला अजिबात घाई नव्हती. नोकरी होती कपडे विकायची. पण इथे आधी मुलीलाच कपड्यासारखं उलटंपालटं करून बघायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मुलगी अंगाने भरलेली होती आणि बोलायला चुणचुणीत. मघाशी ट्रायल रूममधून एक बाई लालबुंद होऊन बाहेर आल्या होत्या. ड्रेसची चेन अर्ध्यावर अडकलेली, पोट आत ओढलेलं. मुलगी न सांगताच पुढे झाली.

“काकू, श्वास सोडा आधी. पोटाची काही चूक नाही, ही चेनच मेली नाटकी आहे.”

काकू खळखळून हसल्या आणि वरच्या मापाचे दोन ड्रेस घेऊन गेल्या. काउंटरवरच्या मुलींना वाटलं, हिचं काम झालं.

“उशिरापर्यंत थांबशील? लग्न ठरलंय का? घरचं कुणी इथे कामाला नाही ना?” मॅनेजरने एका दमात विचारलं.

“थांबेन. नाही. नाही.”

“चेहरा गोड आहे. बाकीचं महिनाभरात उतरवू.” तो हसला. “मोठ्या बाई, टेप द्या.”

मोठ्या बाई म्हणजे दुकानातल्या सगळ्यांत जुन्या विक्रेत्या. मापाची टेप कायम त्यांच्या गळ्यात. निवडलेल्या मुलीची मापं मॅनेजर स्वतः घ्यायचा, मागच्या खोलीत, दार लावून. गणवेश दोनच मापांत यायचा, लहान आणि त्याहून लहान. तरी मापं घ्यायचीच. बाईंनी टेप द्यायची आणि दुकानातली गाणी जरा मोठी करायची, अशी रीतच पडून गेली होती. मुली बाहेर यायच्या त्या मान खाली घालून. एक तर पर्स तिथेच टाकून गेली ती परत फिरकली नाही. बाई मूग गिळून हँगर सारखे करत राहायच्या. नोकरी टिकवायला हवी, असं स्वतःला सांगायच्या. घरी त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. कुठल्या तोंडाने काढणार?

आज त्यांनी टेप दिली नाही.

“हिला कशाला घेताय?” त्या मोठ्याने म्हणाल्या. “कंबर बघितलीत? काउंटरमागे उभी राहिली तर दुसऱ्या मुलीला जागा उरायची नाही.”

मुलीचा चेहरा खर्रकन उतरला. काउंटरवर कुणीतरी खुदकन हसलं.

“तसं काही एवढं नाही...” मॅनेजर म्हणाला.

“मालक परवा येतायत. ही समोर दिसली तर बोलणी तुम्हालाच बसतील. मला काय!”

मालकांचं नाव निघताच मॅनेजर जरा वरमला. मग त्याचे डोळे पुन्हा चमकले. “ठीक आहे, पुढे नको. मागे गोदामात ठेवू. तिथे कोण बघतंय?”

बाईंनी गळ्यातली टेप काढून मुठीत घेतली.

“गोदामात शिडी आहे,” त्या म्हणाल्या. “ती मोडली तर भरून कोण देणार?”

आता काउंटरवर हशा पिकला. मॅनेजरही हसला, आणि हसता हसता त्याचा विचार फिरला. “जा बाई तू,” तो मुलीला म्हणाला. मुलगी मोठ्या बाईंकडे बघतच राहिली. डोळे भरून आले तशी तिने बॅग उचलली आणि ती निघून गेली.

बाई हँगरकडे वळल्या. आपल्या तोंडून हे निघालं, याची त्यांना शिसारी आली. दुसरं काही सुचलं नव्हतं, हेही खरं होतं.

थोड्या वेळाने काउंटरवरची धाकटी मुलगी जवळ आली. मघाशी ती हसली नव्हती.

“मला कळलं तुम्ही असं का बोललात,” ती हळूच म्हणाली. “माझ्या वेळी का नाही बोललात, बाई?”

बाईंना वर बघवेना. उत्तर होतं, पण ते द्यायची लाज वाटत होती.

संध्याकाळी दुकान सुटल्यावर त्या बसस्टॉपवर आल्या. ती मुलगी बाकावर बसून होती. बाई शेजारी बसल्या. मुलगी थोडी सरकली. बस आली आणि गेली, दोघींतलं कुणीच उठलं नाही. बाईंनी दोनदा तोंड उघडलं. खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं, टेपसकट.

मुलीने ओढणीने नाक पुसलं.

“आई,” ती म्हणाली, “तुला माझी एवढी लाज वाटते?”