उजवीकडची बाई

वेगवेगळ्या काचांवर घेतलेल्या छब्या जोडून केलेला तो फोटो भिंतभर लांब होता. प्रदर्शन भरवणाऱ्या फोटोग्राफी मंडळाने त्याच्या डाव्या अर्ध्या भागावर जाड पडदा टाकला होता. पडद्यामागे पाठमोरी, विवस्त्र ‘वासना’ होती. उजवीकडे शाल पांघरून, हात जोडून उभी असलेली ‘भक्ती’ मात्र उघडी ठेवली होती.

कपडे धुणारी ग्रिझेल पडद्याजवळ जाताच मंडळाचे अध्यक्ष टलक आडवे आले. “मागे हो. तिकडे बघायचं नाही.”

“आणि दारातली ती उघडी संगमरवरी व्हीनस? ती बघितलेली चालते, साहेब?”

“ती ग्रीक कला आहे! ही खरीखुरी बाई कॅमेऱ्यापुढे उघडी उभी राहिली. असल्या बाईला मी इथं पाऊल ठेवू देणार नाही.” मग उजवीकडे बोट दाखवताना त्यांचा आवाज मऊ झाला. “हिच्याकडे बघ. किती सोज्वळ! माझ्या बायकोनं हिचा फोटो बायबलशेजारी लावलाय.”

ग्रिझेलने खांद्यावरची शाल डोक्यावर ओढली, हात जोडले, मान किंचित कलती केली आणि श्वास रोखून उभी राहिली.

टलकांनी घाईघाईने हॅट काढली. “अहो, तुम्ही! आधी सांगायचंत ना!”

“आता सांगते. सकाळी ही झाले, दुपारी शाल काढून ती झाले. आता घरी जाऊन बायबलशेजारच्या फोटोवर पडदा टाका, नाहीतर हा काढा.”

टलक जागचे हलले नाहीत. ग्रिझेलनेच पडदा ओढून खाली पाडला, झटकला आणि रोजच्या सवयीने नीट घडी घालून त्यांच्या हातात दिला.