बिनतारांचा तंबोरा

कुवेतची लढाई संपली त्या वर्षी जयेश बँकेच्या नोकरीसाठी बहारीनला आला. सलमानियातल्या फ्लॅटमध्ये सामान लागताच त्याने बायकोच्या, चारुलताच्या, तंबोऱ्याच्या तारा काढून टाकल्या. "शेजाऱ्यांना त्रास नको. गाणं खलास!"

त्याऐवजी दर शुक्रवारी जेवणं आटोपली, की तो तिला समोर बसवून एक जाडजूड जर्मन कादंबरी समजावून सांगायचा. कला, संगीत, उत्कट प्रेम, सगळं होतं म्हणे तिच्यात.

त्या शुक्रवारी ती बोडका तंबोरा मांडीवर घेऊन बसली. जयेशला हसू आलं.

"ऐक. यातला संगीतकार म्हणतो, खरं संगीत ऐकायचं तर आधी गाणाऱ्याला गप्प करावं लागतं. कळतंय का काही?"

"कळतंय की," म्हणत तिने सवयीने खुंटी पिळली.

जयेशचा गळा आवळला. एसीने कोरड पडली असेल, म्हणून तो घटाघटा पाणी प्यायला. पुढची ओळ वाचायला तोंड उघडलं, तर शब्द फुटेना.

"चारू!" त्याने जिवाच्या आकांताने हाक मारली. ओठ नुसतेच हलले. तिच्या मांडीवरचा भोपळा मात्र घुमला.

चारुलताने डोळे मिटून भोपळ्याला कान लावला.

"अहो, जरा उतरलात तुम्ही," ती मायेने म्हणाली आणि तिने पुन्हा खुंटीला हात घातला.