पान सातवरची रेघ

पाच वाजेपर्यंत कळवायचं होतं, आणि साडेतीन वाजून गेले होते. भिंगबाईंनी चहाचे कप उचलले, टेबल कोरड्या फडक्याने पुसलं आणि दोन्ही कॉलेजांच्या माहितीपुस्तिका शेजारी शेजारी मांडल्या. मग चष्मा, फूटपट्टी आणि लाल पेन.

“आई, परीक्षा कॉलेजांची आहे की तुझी?” लेक म्हणाली.

“दोघांची. तू गप्प बस.”

दिवाणावर सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या. “दोन स्थळं सांगून आल्यासारखी हरखलीय बघ,” त्या नातीला म्हणाल्या. “हिचे गुडघे बाकावर मावतील का, विचार.”

भिंगबाई हसल्या. सकाळपासून त्यांना कशाचंही हसूच येत होतं. औषधाच्या कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. खोक्यातल्या घडीच्या कागदावर जे छापलेलं असतं, ते ओळीखाली पट्टी धरून अक्षर न् अक्षर तपासायचं. भिंगबाई हे नाव तिथल्या मुलींनीच पाडलेलं. पण लिहिणारी माणसं वेगळी, ती वरच्या मजल्यावर बसत. नव्या औषधाला परवानगी मिळावी म्हणून सरकारला त्याची खडान्‌खडा माहिती तीच लिहून देत. तिथे बसायचं तर रेग्युलेटरी अफेअर्समधली पदव्युत्तर पदवी हवी. आणि सेहेचाळिसाव्या वर्षी, एक नाही, दोन कॉलेजांनी त्यांना घेतलं होतं. निवड चुकली तर दुसऱ्यांदा उडी मारायला वय उरणार नव्हतं, एवढंच.

“हेच घे,” लेकीने जाड, गुळगुळीत पुस्तिका पुढे सरकवली. “सगळी काचेची इमारत आहे. लिफ्ट आहे. आजी, तिच्या गुडघ्यांची सोय झाली बघ.”

खरं तर भिंगबाईंच्याही मनात तेच होतं. रात्री उशाशी तीच पुस्तिका होती. दुसरं कॉलेज म्हणजे रक्तपेढीच्या मागच्या चार खोल्या, आणि पुस्तिका तर लग्नाच्या पंगतीतल्या पत्रावळीइतकी पातळ. पण एकदा पट्टी हातात आली की त्यांना लाडकं-दोडकं काही उरत नसे.

पान चारला पट्टी थांबली. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पान अकराला पुन्हा थांबली. दीड वर्षाचा. लाल टिंब पडलं. पान तेरावर पूर्णवेळ शिक्षक बारा. त्या ‘बारा’खालचा कागद मात्र जरा जाड लागला. त्यांनी बोट फिरवलं, पान खिडकीशी नेलं, उजेडात धरलं. पांढरा रंग फासून वर नवा आकडा छापला होता.

“असतील की बारा,” लेक म्हणाली.

“असतील. पण आधी किती होते?”

भिंगबाईंचा चेहरा उतरला. काचेची ती इमारत त्यांनी मनात दहादा चढून पाहिली होती.

त्यांनी पातळ पुस्तिका ओढली. पाच पानं निर्धोक गेली. सहावं गेलं. सातव्यावर पट्टी जी थांबली ती हलेचना.

“आता काय सापडलं?” सासूबाईंनी विचारलं.

‘प्रकल्पाचे आठवडे ४२’ असं छापलेलं होतं. त्या बेचाळीसवर शाईने एकच आडवी रेघ, इतकी बारीक की खालचा आकडा स्वच्छ वाचता यावा. शेजारी २४. त्यापुढे सही आणि तारीख. कारखान्यात चूक याच पद्धतीने दुरुस्त करायची असते. याहून निराळी खाडाखोड दिसली की भिंगबाई तो कागद खुद्द मॅनेजरकडेही परत पाठवत.

त्या उठल्याच. खुर्ची मागे पडता पडता राहिली. मलपृष्ठावरचा नंबर त्यांनी फिरवला.

“पान सातवरची दुरुस्ती कुणाची?” नमस्कार-चमत्कार काही नाही, हाच पहिला प्रश्न.

“माझी,” पलीकडून एक वयस्क आवाज म्हणाला. “मी इथला विभागप्रमुख. छापखान्याने आकडे उलटे लावले. तीनशे प्रतींवर हाताने केलंय. का हो, काही चुकलं?”

“तीनशे? नवं पान का नाही चिकटवलंत?”

“मग आधी काय छापलं होतं ते कसं दिसलं असतं?”

भिंगबाईंनी डोळे मिटून घेतले. लेकीला वाटलं, काहीतरी बिनसलं. पण आईच्या सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरत चाललं होतं.

“प्रवेश नक्की करायचाय,” त्या म्हणाल्या. “आत्ताच.”

“उत्तम. एवढ्या बारकाईने पाहणारे पालक मी पहिल्यांदाच बघतोय. मुलीचं नाव सांगा, लिहून घेतो.”

भिंगबाई लेकीकडे बघून हसतच सुटल्या. सासूबाई दिवाणावरून केव्हा उठल्या आणि रिसीव्हरला कान लावून केव्हा उभ्या राहिल्या, कुणालाच कळलं नव्हतं. त्यांनी फोन आपल्याकडे ओढला.

“मुलीचं कुठलं? सुनेचं लिहा, माझ्या सुनेचं!” त्या ओरडल्या. “आणि नीट लिहा हो. ती तपासते.”